उजेडाचा डोस

हिवाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हुरडा पार्टी, लोणावळ्याचा वीकेन्ड, टपरीवरचा वाफाळता कटिंग आणि कपाटाच्या तळाशी वर्षभर झोपलेलं ते एकुलतं एक जॅकेट. पुण्यात पारा दहाच्या खाली घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो ठरलेला. थोडक्यात काय, हिवाळा म्हणजे आपला फेव्हरेट सीझन! आणि याच हिवाळ्यासाठी एका शहरानं बसस्टॉपवर चक्क औषधासारखे दिवे लावले होते, असं सांगितलं तर?

थट्टा नाही. शहराचं नाव उमेओ, देश स्वीडन. २०१२ च्या नोव्हेंबरात तिथल्या वीज कंपनीनं, म्हणजे उमेओ एनर्जीनं, शहरातल्या तीसएक बसस्टॉपवरच्या जाहिराती काढल्या आणि त्या जागी लख्ख पांढऱ्या ट्यूब बसवल्या. अल्ट्राव्हायोलेट किरण गाळलेला, डोळ्यांना चालेल असा उजेड. सकाळी ऑफिसला, कॉलेजला निघालेल्या मंडळींनी बसची वाट बघता बघता चेहऱ्यावर थोडा प्रकाश घ्यावा, एवढीच आयडिया. (कंपनीची फुकटात प्रसिद्धी झाली ती वेगळी. वीज कंपनी उगाच कशाला कुणाला दिवे देईल!) तो प्रकार त्या मोसमापुरताच होता, त्यामुळे आज उमेओला गेलात तर बसस्टॉपवर ते दिवे शोधत बसू नका. ते आता लोकांच्या डायनिंग टेबलवर जाऊन बसलेत. मी बघितलेला दिवा असाच एका टेबलवर होता. टेबल माझ्या मैत्रिणीचं.

ती पुण्याची. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि लेक्चर बंक करायच्या प्लॅनमध्ये सगळ्यात पुढे असायची. नंतर तिनं वनस्पतिशास्त्राची वाट धरली, मी मास कॉमची. गेली अडीच वर्षं ती उमेओमध्ये झाडांवर रिसर्च करतेय. गेल्या डिसेंबरात सुट्टी, थोडे साठवलेले पैसे आणि युरोपचा व्हिसा असा तिहेरी योग जुळून आला आणि मी तिला मेल टाकला, ‘येऊ का?’ उत्तर आलं, ‘ये. पण उजेड घेऊन ये.’

दिवस साडेचार तासांचा

स्टॉकहोमहून उमेओ म्हणजे उत्तरेकडे रेल्वेनं सहा-सात तास. २०१० मध्ये बोथ्निया लाइन नावाचा नवा मार्ग सुरू झाला, त्यामुळे आता गाडी थेट किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते. हा किनारा फार सुंदर आहे म्हणतात. मी ‘म्हणतात’ म्हणतेय, कारण तीन वाजल्यानंतर खिडकीत मला फक्त माझाच चेहरा दिसत होता. बाहेर मिट्ट काळोख. डब्यातली मंडळी निवांत कॉफी पीत होती, कुणी विणकाम करत होतं. मला मात्र दर अर्ध्या तासानं वाटत होतं की आता जेवणाची वेळ झाली असणार. घड्याळात बघावं तर पावणेपाच!

उमेओ हे बर्चच्या झाडांचं शहर. १८८८ मध्ये मोठी आग लागून बहुतेक लाकडी गाव जळालं. पुन्हा बांधताना लोकांनी रस्ते रुंद केले आणि दुतर्फा बर्च लावले, म्हणजे पुढच्या वेळी आग एका घरावरून दुसऱ्या घरावर उडी मारणार नाही. १९६५ मध्ये युनिव्हर्सिटी आली आणि गावाचं शहर झालं. २०१४ मध्ये उमेओ युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. आज निम्मं शहर विद्यार्थ्यांचं वाटतं. सायकली, बीनी टोप्या, पाठीवर सॅक... आपलं एफसी रोडचं पब्लिक, फक्त उणे बारा डिग्रीत.

आता थोडं गणित. उमेओ साधारण चौसष्ट अक्षांशावर आहे, आपलं पुणे साडेअठरावर. २१ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, पुण्यात तरीही अकरा तास दिवस असतो आणि भर दुपारी सूर्य चांगला निम्म्या आभाळापर्यंत चढतो. उमेओत त्या दिवशी सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेदोनला मावळतो. बरं, उगवतो म्हणजे तरी काय? हात लांब करून क्षितिजावर दोन बोटं आडवी धरा. त्यांच्या वरच्या कडेपर्यंत तो येतो आणि दमल्यासारखा परत खाली जातो. दहा वाजता सकाळची उन्हं, बारा वाजता सकाळची उन्हं, एक वाजता संध्याकाळची. दुपार नावाचा प्रकारच नाही! आणि हे सगळं आभाळ स्वच्छ असेल तर. मी होते त्या आठ दिवसांत सूर्य मला दोनदा दिसला.

म्हणजे नऊ ते पाच नोकरी करणारा माणूस अंधारात घरून निघतो, अंधारात घरी पोचतो. मधला साडेचार तासांचा उजेड ऑफिसच्या खिडकीबाहेर येतो आणि जातो.

‘आळशी झाले असं वाटलं’

मैत्रिणीचा पहिला हिवाळा बर्फाच्या कौतुकात गेला. फेसबुकवर फोटोंचा पाऊस, स्नोमॅन, नॉर्दर्न लाइट्स. फेब्रुवारीत थोडं उदास वाटलं, पण तिनं त्याला ‘होमसिक’ असं नाव देऊन टाकलं. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता गाडी घसरायला लागली.

‘‘अगं, झोपच संपायची नाही,’’ ती सांगत होती. ‘‘रात्री नऊला झोपायचे, सकाळी नऊला उठायचे आणि उठल्यावर वाटायचं, रात्रभर कुणीतरी आपल्याकडून दगड फोडून घेतलेत. वर भूक. भूक म्हणजे कसली, भाताची, बटाट्याची, चॉकलेटची. वरण-भात, दही-भात, नुसता भात. डिसेंबरपर्यंत सहा किलो वाढले.’’

लॅबमधले दोन प्रयोग अर्धवट राहिले. मीटिंगला ती कॅमेरा बंद ठेवून बसायला लागली. पुण्याहून फोन आला की ‘लॅबमध्ये आहे’ असा मेसेज टाकायची आणि पांघरुणात असायची. आईला वाटलं, पोरीचं मन रमत नाही. मग आईचे उपाय सुरू झाले. देवळात जात जा (उमेओत?), चार माणसांत मिसळ, सकाळी लवकर उठून सूर्यनमस्कार घाल. ‘‘मी म्हटलं, आई, घालते, पण सूर्य कुठून आणू?’’

ती हे हसत सांगत होती, पण पुढचं वाक्य हसून बोलली नाही. ‘‘मला खरंच वाटायला लागलं होतं की मी मुळात आळशी आहे. इतकी वर्षं परीक्षांच्या जोरावर लपवलं, आता उघडं पडलं. डिसेंबरात मी रेझिग्नेशनचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता.’’

गंमत बघा, ही बाई दिवसभर काम काय करते? उमेओच्या प्लांट सायन्स सेंटरमध्ये झाडांना ऋतू कसा कळतो, याचाच अभ्यास चालतो. २००६ मध्ये इथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं होतं की दिवस लहान होऊ लागला की अ‍ॅस्पेनसारखं झाड वाढ थांबवतं, कळ्या मिटून घेतं, आणि फुलं कधी यायची हे ठरवणारी जनुकांची यंत्रणाच या कामातही असते. झाड थंडीची वाट बघत नाही. ते उजेडाचे तास मोजतं. मैत्रिणीच्या लॅबमध्ये काचेच्या खोल्या आहेत, त्यात रोपट्यांना टायमर लावून रोज सोळा तास प्रखर उजेड दिला जातो. एक तास कमी झाला तर प्रयोग वाया! आणि त्या रोपांना सोळा तास उजेड मोजून देणारी मुलगी स्वतः चाळीस मिनिटांवर जगत होती.

हे तिच्या लक्षात आणून दिलं एका स्वीडिश सहकाऱ्यानं. कॅन्टीनमध्ये तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, दिवा घेतलास का? आपण जूनमध्ये ‘छत्री घेतलीस का’ विचारतो ना, अगदी त्याच सुरात. ती हेल्थ सेंटरमध्ये गेली. तिथल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट खोदून खोदून विचारली. हे दर वर्षी याच महिन्यांत होतं का, आणि वसंतात आपोआप जातं का? मागच्या फेब्रुवारीचं तिला आठवलं, एप्रिलमध्ये सायकलवर गाणी म्हणत फिरलेलंही आठवलं. निदान झालं: सीझनल डिप्रेशन, ऋतूबरोबर येणारं नैराश्य. त्या हिवाळ्याचा उरलेला भाग कसाबसा निघाला. ड्राफ्टमधला मेल ड्राफ्टमध्येच राहिला. आणि या ऑक्टोबरात, काळोख सुरू व्हायच्या आधी, तिनं दिवा आणला.

कुठून आला हा दिवा?

या आजाराला नाव मिळालं अमेरिकेत, आणि तेही तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत. डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांना जाणवलं की आपण नेहमीसारखे राहिलेलो नाही. म्हणजे आपल्या मैत्रिणीसारखीच केस, उन्हातून थेट काळोखात. पुढे त्यांच्या संस्थेत हर्ब कर्न नावाचा एक इंजिनीअर येऊन धडकला. या पठ्ठ्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्या मूडच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि त्याचं म्हणणं होतं, माझा मूड दिवसाच्या लांबीबरोबर खाली-वर होतो, काहीतरी करा. त्याच सुमारास, १९८० मध्ये, डॉक्टर आल्फ्रेड ल्यूई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की रात्री अडीच हजार लक्सचा प्रखर दिवा लावला तर माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे ‘रात्र झाली’ सांगणारं हॉर्मोन, झपाट्यानं खाली येतं. मग काय, कर्नसाहेबांना हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी तीन-तीन तास दिव्यासमोर बसवलं. थोड्याच दिवसांत माणूस उठून कामाला लागला. १९८४ मध्ये रोझेन्थाल आणि मंडळींनी २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ हे नाव जगाला मिळालं. त्याचा शॉर्टफॉर्म ‘सॅड’. डॉक्टरांनाही जाहिरात जमते म्हणायची!

रोज सहा तास कोण बसणार? म्हणून पुढे दिवा प्रखर केला, वेळ कमी केली. आजचा ठरलेला डोस दहा हजार लक्स, अर्धा तास, सकाळी उठल्या उठल्या. आता हे लक्स म्हणजे किती? तुम्ही ज्या ऑफिसात बसून हे वाचताय (बॉस आला तर पान उलटा), तिथे तीनशे ते पाचशे लक्स असतील. आपल्या डोळ्यांना तो लख्ख उजेड वाटतो. बाहेर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात पन्नास हजार ते लाखभर लक्स असतात. डोळे इतके सराईतपणे जुळवून घेतात की हा शंभरपट-दोनशेपट फरक आपल्याला कळतही नाही.

मेंदूला मात्र कळतो. डोळ्यात बघायच्या पेशी असतात तशा, बघण्याशी फारसा संबंध नसलेल्या आणखी काही पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास पक्कं झालं. त्यांचं काम उजेड मोजायचं. विशेषतः निळसर उजेड, स्वच्छ आकाशाचा असतो तसा. ती मोजणी थेट मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जाते आणि घड्याळ ठरवतं, आता उठायचं की पेंगायचं. सकाळी पुरेसा उजेड मिळाला नाही की घड्याळ मागे पडतं. शरीर म्हणतं, अजून रात्रच आहे. एवढ्यावर सगळा आजार उलगडत नाही, सेरोटोनिन वगैरे मंडळीही यात आहेत. पण सकाळचाच उजेड का, याचं उत्तर इथे आहे.

आणि हो, हा दिवा म्हणजे व्हिटॅमिन डी नव्हे. हा गोंधळ सगळेच करतात. व्हिटॅमिन डी बनतं त्वचेत, अल्ट्राव्हायोलेट किरणांनी. इथे तेच किरण मुद्दाम गाळलेले असतात. हा उपचार डोळ्यांतून जातो. त्यामुळे डोळे मिटून, पाठ करून किंवा गॉगल लावून बसलात तर शून्य फायदा.

पोहे आणि दहा हजार लक्स

प्रत्यक्षात दिवा दिसायला अगदीच साधा. मला वाटलं होतं काहीतरी हॉस्पिटलसारखं असेल. निघाला एका पांढऱ्या, मोठ्या पाटीएवढ्या आकाराचा, मागे स्टँड. तिकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टोस्टर आणि हेअर ड्रायरच्या शेजारी मिळतो.

सकाळी पावणेसातला अलार्म. बाहेर मध्यरात्र असावी तसा अंधार. मैत्रीण चहा टाकते, पोहे करते (जाडे पोहे पुण्याहून येतात, कढीपत्ता फ्रीजरमध्ये), टेबलवर बसते आणि बटण दाबते. पहिल्या दिवशी मी ‘अगं बाई!’ म्हणून हात डोळ्यांवर धरला. खिडकी उघडून कुणीतरी एप्रिल आत सोडावा तसं. तिनं दम भरला, ‘‘त्याच्याकडे बघायचं नाही. तू पोह्यांकडे बघ. उजेड आपोआप येतो.’’

हेच तंत्र. दिवा समोर, जरा बाजूला, चेहऱ्यापासून साधारण एका पट्टीच्या, म्हणजे तीसएक सेंटीमीटरच्या अंतरावर. डोळे उघडे, नजर ताटात किंवा पुस्तकात. अंतर फार महत्त्वाचं. दिवा उचलून टेबलच्या पलीकडे ठेवला की दहा हजारचे दोन-अडीच हजार व्हायला वेळ लागत नाही. म्हणून खोक्यावर नुसतं ‘१०,००० लक्स’ वाचून भागत नाही, तो आकडा किती अंतरावरचा आहे ते बारीक अक्षरात शोधावं लागतं. स्वस्तातले काही दिवे हा आकडा गाठतात ते नाक टेकवलं तर! संध्याकाळी मूड आला म्हणून दिवा लावायचा नाही. रात्री दोनपर्यंत टक्क जागे राहाल.

आठ दिवसांत माझ्यात काय फरक पडला? प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीच नाही, जेट लॅग जरा लवकर गेला इतकंच. मला आजार नव्हता, औषधानं काय होणार! फरक बघायचा तो तिच्यात. तिच्या म्हणण्यानुसार पहिल्या चार दिवसांत नुसतं डोकं दुखलं. आठवड्यानंतर एका सकाळी ती अलार्मच्या आधी उठली आणि तिला कळेचना की उठून काय करायचं. मग तिनं दहा महिने तुंबलेले कपडे इस्त्री केले.

काम करतं का, नक्की?

पत्रकाराचा स्वभाव, तेव्हा हा प्रश्न आलाच. कॅनडात २००६ मध्ये एक चांगला अभ्यास झाला. ९६ रुग्ण, आठ आठवडे. निम्म्यांना खरा दिवा आणि खोटी गोळी, निम्म्यांना खोटा दिवा आणि खरी गोळी. गोळी म्हणजे फ्लुओक्सेटिन, डिप्रेशनवरचं प्रसिद्ध औषध. दोन्हीकडे बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण सारखंच निघालं, ६७ टक्के. म्हणजे अर्धा तासाचा दिवा गोळीच्या तोडीस तोड. छान!

पण थांबा. अमेरिकेत २०१५ मध्ये १७७ जणांवर दिव्याची तुलना एका खास समुपदेशनाशी झाली, ज्यात हिवाळ्याबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवतात. त्या हिवाळ्यात दोघं बरोबरीत. दोन हिवाळ्यांनंतर मात्र दिवेवाल्यांपैकी जवळजवळ ४६ टक्के लोकांचं दुखणं परतलं होतं, समुपदेशनवाल्यांपैकी २७ टक्के लोकांचं. कारण उघड आहे. शिकलेलं डोक्यात राहतं, दिवा दर वर्षी माळ्यावरून काढून रोज लावावा लागतो. आणि माणूस कंटाळतो.

खुद्द स्वीडनमध्ये हॉस्पिटलांतून ‘लाइट रूम’ असायच्या. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या खुर्च्या, पेशंटच्या अंगावरही पांढरे कपडे, सगळे मिळून उजेडात बसलेत. ऐकायला एकदम सायन्स फिक्शन! २००७ मध्ये तिथल्याच वैद्यकीय मूल्यमापन संस्थेनं सांगितलं की या खोल्यांचा उपयोग होतो की नाही, हे सांगण्याइतका नीट पुरावाच कुणी गोळा केलेला नाही. आपल्या लाडक्या उपचाराला असं तोंडावर विचारणारा देश मला आवडला.

दिवा साधा असला तरी खेळणं नाही. बायपोलर डिसऑर्डर असलेल्यांनी डॉक्टरांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, मूड उलट्या टोकाला उसळू शकतो. रेटिनाचे आजार असतील, किंवा उजेडाला त्वचा-डोळे नाजूक करणारी औषधं चालू असतील, तरी आधी विचारायचं. आणि नैराश्य इतकं खोल असेल की जगणंच नको वाटतंय, तर दिव्याची ऑर्डर येईपर्यंत वाट बघायची नाही. ताबडतोब माणसाशी, डॉक्टरांशी बोलायचं. आपल्याकडे टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं.

खिडकीतला आकाशकंदील

दुपारी बारा वाजता उमेओत एक मजेशीर दृश्य दिसतं. ऑफिसांतून, लॅबमधून माणसं बाहेर पडतात आणि नुसती चालतात. कुठे जायचं नसतं. युनिव्हर्सिटीजवळ नीदाला नावाचं तळं आहे, गोठलेलं, त्याच्या काठानं रांगच्या रांग. ढगाळ आभाळाचा उजेडही ऑफिसच्या ट्यूबलाइटपेक्षा जास्त असतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत. लंच अवरमध्ये आपण एटीएमच्या लाइनीत उभे राहतो, हे सूर्याच्या लाइनीत. संध्याकाळसाठी जंगलात दिवे लावलेले स्की ट्रॅक आहेत, त्यांना स्वीडिशमध्ये एक अख्खा शब्दच आहे, ‘एल-युस-स्पोर’, विजेच्या उजेडाची वाट. काळोखात झाडांमधून दिव्यांची माळ जाते आणि खाली सत्तरीच्या आजी सुसाट.

आणि घराघरांतल्या खिडक्या! ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांत प्रत्येक खिडकीत एकतर मेणबत्त्यांसारख्या विजेच्या दिव्यांची सात पायऱ्यांची कमान, नाहीतर कागदाची चांदणी, आत बल्ब. कुणीही पडदे ओढत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही त्यातला थोडा उजेड मिळावा असंच जणू. १३ डिसेंबरला लुसिया. पहाटे पांढऱ्या झग्यातली एक मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून गाणी म्हणत येते, मागे सगळा ताफा, आणि सगळ्यांना केशर घातलेले पिवळे पाव. मैत्रिणीच्या डिपार्टमेंटमध्ये हा कार्यक्रम सकाळी साडेसातला झाला. शास्त्रज्ञ लोक हातात मेणबत्त्या घेऊन उभे! मी तीन पाव खाल्ले.

मैत्रिणीच्या खिडकीत चांदणी नव्हती. तिच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील होता, तुळशीबागेतून आणलेला, केशरी-गुलाबी. दिवाळी संपून महिना उलटला तरी तिनं तो उतरवला नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं म्हणे, ही इतकी सुरेख चांदणी कुठे मिळाली? तिनं पुढच्या खेपेला एक आणायचं कबूल केलंय.

खरा प्रश्न होता पुढच्या खेपेचाच. तिचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. दोन वर्षांची मुदतवाढ समोर होती, उत्तर जानेवारीअखेर द्यायचं होतं. पुण्यात आई-बाबा वाट बघतायत, तिथेही एका कॉलेजात जागा होती. मी निघायच्या आदल्या रात्री आम्ही यावर खूप बोललो. तिला भीती कशाची होती? हिवाळ्याची नव्हती. ‘‘दिवा लावून जगावं लागणं म्हणजे मला इथे राहायची लायकीच नाही, असं तर नाही ना?’’ मी म्हटलं, तुझा चष्म्याचा नंबर किती? म्हणाली, उणे साडेचार. मी म्हटलं, मग झालं तर. तिनं उशी फेकून मारली.

परत आल्यावर मी कामाला लागले. पहिल्या सोमवारी सकाळी आठला स्टेशनकडे चालत जाताना डोळ्यांवर तिरपं ऊन आलं आणि सवयीनं मी गॉगल काढायला बॅगेत हात घातला. मग तसाच बाहेर काढला. हजारो लक्स, फुकट, रांग नाही!

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. ‘आज साडेतीनला सूर्य होता!! दिवस साडेसात तासांचा झाला. दिवा एप्रिलपर्यंत चालू ठेवायला सांगितलाय. काँट्रॅक्टवर सही केली. आईला मी सांगितलंय, तू परत सांगू नकोस, रडेल. जूनमध्ये ये. तेव्हा इथे रात्रच होत नाही, वीस-एकवीस तास सूर्य. येताना लक्ष्मी रोडवरून जाड काळं पडद्याचं कापड आण. सहा मीटर.’